पळ म्हणालास म्हणून

वरची वाडी, पाली
कार्तिक वद्य पंचमी, सन १९३३

भागोजीदादा,

पत्राच्या डोक्यावर तीर्थरूप लिहायचं, खाली साष्टांग नमस्कार घालायचा, एवढं चौथीपर्यंत शिकलोय. पण तीर्थरूप लिहायला हात जाईना. आणि साष्टांग म्हणशील तर मांड्या इतक्या आखडल्यात की आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील. त्या कशाने आखडल्या ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

मी पळायला लागलोय.

हस. खोलीतल्या गाववाल्यांनाही वाचून दाखव म्हणजे तेही हसतील. इथे सगळा गाव हसून झालाय, मुंबईच तेवढी राहिली होती.

झालं असं. दिवाळी आटपल्यावर गावकी देवळात बसली. येत्या शिमग्याला देवीच्या पालखीचे दांडे कुणी धरायचे, हा विषय. पुढचा दांडा तुझा, मागचा माझा, आजोबांपासून हा आपल्या घराचा मान. लवू गावकार म्हणाला, "भागोजी गेल्या शिमग्याला आला न्हाय. काशा तर पळपुट्या. ह्या घराकडं आता मान ठेवायचा कशाला?" मी उभा राहिलो. म्हटलं, एकदा दांडा खांद्यावर द्या, पेलून दाखवतो. तर तो बाबल्या, पालीच्या बाजारात विड्या विकणारा, मागून ओरडला, "पळायची येवढी हौस हाय तर रत्नांग्रीच्या तालमीनं शर्यत काढलीन हाय. लांज्यापासनं मांडवीच्या बंदरापतूर, सव्वीस मैल. तितं जाऊन पळ!" सगळे फिदीफिदी हसले. लवू गावकार तेवढा हसला नाही. म्हणाला, "खरंच जा. सव्वीस मैल मधी न सोडता पुरं केलंस तर समजू की काशा धरलेलं सोडत न्हाय. शिमग्याला खांदा लावू देऊ. मधी सोडलंस तर दांड्याचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाय. तू न्हाय, तुज्या घरात कुणीच न्हाय."

मी देवीच्या उंबऱ्याला हात लावून हो म्हणालो. रागाच्या भरात म्हणालो. पण म्हणालो.

मला पळपुट्या हे नाव कुणामुळे पडलं, ते तू विसरला असशील. मुंबईला पाणीच तसं असेल. म्हणून आठवण करून देतो. दोन वर्षांपूर्वीचा शिमगा. पालखी नदीच्या खळ्यात नाचत होती. पुढे तू, मागे मी. शेजारची तुळसाकाकू गर्दीतून वाट काढत आली आणि आपल्या दोघांच्या मध्ये उभी राहून बोलली. तिने काय सांगितलं ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं. तू मान वळवून मला म्हणालास, "काशा, पळ!" मी बाजूच्या बाबल्याच्या खांद्यावर दांडा दिला आणि पळालो. बाबल्याला दांडा पेलला नाही. पालखी कलली आणि देवीचं रूपं, चांदीचा मुखवटा, मातीत पडलं. मी पालीहून परत येईस्तोवर तू गावाला सांगून मोकळा झाला होतास की काशाला वजन पेलवलं नाही, तो पालखी टाकून पळाला.

त्या वर्षी भातावर रोग पडला, तो माझ्यामुळे. लवू गावकाराची म्हैस मेली, ती माझ्यामुळे. परवा कुणाच्या तरी विहिरीत कुत्रं पडलं. माझ्याकडेच बघत होते.

तर दुसऱ्या दिवशी उजाडताना वरच्या कातळसड्यावर गेलो. म्हटलं देवळापासून पलीकडच्या रायवळ आंब्यापर्यंत एका दमात जायचं. निम्म्यात बरगडीत अशी कळ आली की कातळावर बसलो आणि रात्रीची भाकरी ओकून टाकली. ज्याला गावाने पळण्यावरून नाव दिलं, त्याला सड्यावरचा आंबासुद्धा गाठता येईना! तिथे बसून तुला आईवरून शिवी देणार होतो. मग आठवलं की आई एकच आहे, म्हणून गिळली.

शिमग्याच्या आत ये. गावकीत उभा राहा आणि जे झालं ते सांग. मग मला पळावं लागणार नाही, आणि ही शर्यत खड्ड्यात गेली तरी चालेल.

मागच्या दांड्याचा,
काशीराम

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने चावडीवर मोठ्याने वाचून मगच माझ्या हातात दिलं. "झालं गेलं विसर. म्हातारपणी पळून घराची शोभा करू नको. मला रजा नाही. मैनेस सांग खुशाल आहे."

बत्तीस वर्षांचा मी म्हातारा काय? आणि शोभा मी करतोय? वहिनीला तुझी खुशाली मी का सांगू? तिला लिहिता वाचता येत नाही, पण कान आहेत. दोन वर्षांत तिला एक ओळ लिहिली नाहीस. मुलीचं नाव चिमा ठेवलं, तेही तुला मीच कळवलं. बारशाची वाट न बघता बोटीत बसलास, मग पोरीचं तोंड कुठून माहीत असणार! तिच्या हनुवटीवर तुझ्यासारखीच खळी आहे. बिचारीचं नशीब.

आता तू गप्प का बसलास ते लिहितो. मला कळत नाही असं समजू नकोस.

तुळसाकाकू म्हणाली होती, "मैना मोकळी झाली, मुलगी झाली, पण रगत थांबत न्हाय, पालीच्या डाक्टरास आणा." मुलगी झाली, म्हणजे घराला सोयर आलं. कळल्या क्षणापासून सोयर लागतं, देवाला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मी ऐकलं आणि दांडा सोडला. मी सोडला तो पळायला नाही, सोयर होतं म्हणून सोडला. पळालो ते वहिनीसाठी. तू ऐकलंस आणि दांडा धरूनच राहिलास! सोयरात देवीची पालखी नाचवलीस! का, तर पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसायच्या आधी पुढचा दांडा सोडलास तर लोक काय म्हणतील! मग रूपं पडलं, आणि तुझ्या तोंडाला कुलूप लागलं. पोरगी पालखी बसल्यावर झाली आणि डॉक्टरकडे काशा मागाहून गेला, असं गावाला सांगितलंस. तुळसाकाकू गप्प राहिली, कारण तिच्या रघूला तूच गिरणीत चिकटवलंस. वहिनी तेव्हा बेशुद्ध होती. आणि मी गप्प बसलो, कारण मला वाटलं मोठा भाऊ आहे, आज ना उद्या स्वतःच बोलेल. दोन वर्षं वाट बघितली. आता पुरे.

तर, शर्यत. बाबल्याने तालमीचा छापील कागद दुकानाला चिकटवलाय. त्यावर लिहिलंय "मॅरेथॉन". बाबल्याने वाचलं "मराठोन". लवू गावकार म्हणाला, मग ही मराठ्यांची शर्यत, आपल्या कुणब्यांना कशाला घेतील? दोन दिवस वाडीत त्यावरच चर्चा. आमचं ठरलेलं मोडायला ह्यांना बरं निमित्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो आणि चालत रत्नागिरीला गेलो. तालमीचे चिटणीस वकील आहेत. त्यांनी ऐकलं आणि खुर्चीतून पडायच्या बेताला हसले. म्हणाले, ते परदेशातल्या एका गावाचं नाव आहे. तिथून एक माणूस लढाईचा निरोप घेऊन धावत राजधानीत गेला, निरोप सांगितला आणि तिथेच मेला. मी म्हटलं, आमच्याकडे निरोप ऐकून धावला तो जगला, आणि निरोप गिळला तो मुंबईला गेला. त्यांना काही कळलं नाही. पण नाव लिहून घेतलं.

निघताना त्यांनी एक सांगितलं. "धापा टाकत धावू नका. बोलता येईल इतकं हळू धावा." मी येताना करून पाहिलं. बोलता येईल इतकं हळू धावायचं खरं, पण एकट्याने बोलायचं काय? मग तुला शिव्या द्यायला लागलो. दादा, काय सांगू! कुवारबावपासून हातखंब्यापर्यंत कधी आलो कळलं नाही. दम लागायचं नाव नाही. तेव्हापासून रोज तसाच धावतो. सड्यावरचे गुराखी म्हणतात, काशा मंत्र म्हणत पळतो. म्हणू देत. एकही शिवी अजून दोनदा वापरलेली नाही.

वहिनी रात्री कोकमतेल गरम करून ठेवते, भेगांत भरायला. एक शब्द बोलत नाही. चिमा मात्र बोलायला लागली आहे. सगळा गाव हाक मारतो ती ऐकून मला "पलपुत्या काका" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात उगारला होता. तिला वाटलं खेळतोय, खिदळली. काय करणार?

काशीराम

पौष शुद्ध त्रयोदशी

दादा,

उत्तर नाही. बरं.

उजव्या टाचेत चिऱ्याची कपची घुसली. वहिनीने सुईने काढली, पण पाय भोपळ्यासारखा सुजला आणि आठवडाभर खाटेवर पडून होतो. बाबल्या बघायला आला. हातात विड्यांचं बंडल. म्हणाला, "काशा, सोड आता. पाय मोडला म्हनून सांग, गाव काय बोलनार न्हाय." मी म्हटलं, तुझ्या खांद्यावर दांडा दिला होता ना रे मी? खरं सांग. तो विडी पेटवायला लागला. तीन काड्या फुकट गेल्या. म्हणाला, "मी प्यालेलो होतो त्या दिवशी. सांगू कसं?" आणि उठून गेला. म्हणजे बघ, तुमच्या सगळ्यांच्या अब्रू माझ्या एका खांद्यावर. आणि म्हणे काशाला वजन पेलवत नाही!

पडल्या पडल्या वहिनीशी भांडलो. ती म्हणाली, "भावोजी, मान गेला तर जाऊ दे. पालखी न्हाय नाचवली म्हनून भात शिजायचं ऱ्हात न्हाय." मी म्हटलं, तुला काय कळतं? त्या दिवशी तुझ्यासाठीच धावलो, नाहीतर आज ही पोर मला वाट्टेल ते म्हणायला नसती. हे बोलायला नको होतं. ती चुलीपाशी गेली. लाकडं पुढे सारली आणि तिथूनच म्हणाली, "धावलात ते मला म्हाईत हाय. डाक्टर म्हनत होता, तुमी त्याच्या दारात आलात तेवा बोलायला दम नव्हता, नुसतं हातानं दाखवत होतात." एवढंच. तिने डोळे पुसले ते रडू होतं की धूर, मी बघितलं नाही.

दादा, हे मी तुला का लिहितोय? मला वाटतं तुला लाज वाटावी म्हणून. खरं तर दुसरंच लिहायचं आहे.

शर्यत माघ शुद्ध पंचमीला आहे. सकाळी लांज्याहून सुटणार आणि मांडवीच्या बंदरावर संपणार. मुंबईची बोट मांडवीलाच लागते. तू त्या दिवशी बोटीने ये. मला पाणी पाजू नकोस, हार घालू नकोस. नुसता बंदरावर उभा राहा, आणि मी आलो की माझ्याबरोबर गावात चल. गावकीत मी बोलेन, तू फक्त हो म्हण. पुढच्या शिव्या सगळ्या माफ करतो. मागच्या नाही.

भाऊ म्हणून मागतोय. ह्यापुढे मागणार नाही.

काशीराम

माघ वद्य प्रतिपदा

भागोजी,

'दादा' असं आज लिहीत नाही.

शर्यत सांगतो. पुरी सांगतो, कारण तुला शेवट तेवढा माहीत आहे.

लांज्याला उजाडताना पंचवीस तीस जण होतो. पोलिसातले दोघे, शाळेचे मास्तर, कोल्हापूरचे चार पैलवान, तालमीतली पोरं पांढऱ्या चड्ड्यांत. मी लंगोटावर आजोबांचं उपरणं बांधलेलं. एकाने विचारलं, "तुम्ही कुठल्या तालमीचे?" म्हटलं, "भागोजीच्या." त्याला वाटलं मोठा उस्ताद असेल.

सुटताच सगळे बाणासारखे गेले. मी मागे. आंजणारीच्या उतारावर तुझ्या लहानपणापासून सुरुवात केली. माझी गोटी चोरलीस तिथून. खानूपर्यंत तुझं लग्न आलं. तिथे पहिला पैलवान रस्त्याकडेला बसलेला दिसला, पोटऱ्या धरून. पुढे दुसरा. मी जात राहिलो. जोर नव्हता रे माझ्यात, राग होता.

पालीच्या बाजारात अख्खी वाडी उभी. "पळपुट्या आला, पळपुट्या आला!" बाबल्या एकटा गप्प होता. त्याने तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि बाजूला झाला. लवू गावकार काठीवर हनुवटी टेकून बघत होता. इथे घराची वाट फुटते. पाय आपोआप तिकडे वळत होते, बैलासारखे. तेवढ्यात वहिनीच्या कडेवरून चिमा किंचाळली, "काका, पळ! पळ!"

अगदी तुझाच आवाज. तीच घाई. दोन वर्षांपूर्वी तू म्हणालास तेव्हाही मी ह्याच रस्त्याने पळालो होतो, ह्याच डॉक्टरच्या दारापर्यंत. ह्या वेळी दार मागे टाकलं.

हातखंब्याला शिव्या संपल्या. खरंच संपल्या. आठवून आठवून बघितलं, तुझा एकही गुन्हा शिल्लक राहिला नव्हता. मग सगळं अंग एकदम दुखायला लागलं. टाच फुटली, उपरण्याने बांधली. एक बैलगाडीवाला म्हणाला, बस, कुणी बघत न्हाय. मी म्हटलं, तेच तर! कुणी बघत नाही तेव्हा आमच्या घरात काय करतात, ते मला माहीत आहे. कुवारबावला तालमीची मोटर आली. वकील म्हणाले, "पहिले तिघे केव्हाच पोचले, बक्षिसं दिली, आता बसा गाडीत." मी मान हलवली. ते म्हणाले, "अहो, आता तुम्हाला काय मिळणार?" मला बोलता येत नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं.

तिथून पुढे चाललो, धावलो, एकदा गुडघ्यावर पडलो. आणि एक खोटं बोलणार नाही. शिव्या संपल्यावर पायांना काहीतरी लागतंच. मग मी मनात म्हणत होतो, दादा बंदरावर आहे. दादा बंदरावर आहे. पाऊल टाकायचं की म्हणायचं.

आणि तू होतास.

बंदरावर निशाणं उतरवत होते. माणसं पांगलेली. त्यांच्यामागे तू. काळी टोपी, गळ्यात मफलर, हातात पत्र्याची ट्रंक. मी तुला बघितलं. तू मला बघितलंस. अंतर किती, आपल्या खळ्याएवढं. मी हात वर केला. तू खाली बघितलंस, ट्रंक ह्या हातातून त्या हातात घेतलीस आणि बोटीवर सोडणाऱ्या होडीच्या दिशेने चालू लागलास. हाक मारायची होती. घशातून हवाच तेवढी बाहेर आली. मी चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा होडीवाला तुला हात देऊन आत घेत होता.

मला आधी वाटलं भास झाला. पण पालीचा तो मोटरचा क्लीनर आहे ना, त्यानेही बघितलं. म्हणाला, "भागोजी सकाळपासनं इतंच होता. कुणाशी बोलत नव्हता. तू कुटं पोचलास ते विचारत होता सारखं."

सकाळपासून होतास! बोटीचं तिकीट काढलंस, दिवसभर उन्हात उभा राहिलास, आणि भाऊ समोर आल्यावर पाठ फिरवलीस. ह्याला काय म्हणू? एक शब्द आहे. गावाने तो मला दिलाय. तुझ्याकडे पाठवून देतो, जपून वापर.

वकिलांनी शिक्क्याचा कागद दिला. काशीराम, वरची वाडी, शर्यत पुरी. मी शेवटून पहिला. माझ्या मागे मोटर होती फक्त.

काशीराम

फाल्गुन वद्य पंचमी, सन १९३४

दादा,

शिमगा झाला. हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. वहिनी म्हणाली लिहा. म्हणून लिहितोय.

पालखी निघायच्या आदल्या दिवशी गावकी बसली. मी कागद पुढे ठेवला. लवू गावकाराने तो उलटा धरून बघितला आणि म्हणाला, "शब्द दिला तो दिला. काशाला मागचा दांडा." मी दोन्ही हात जोडले. तोच तो पुढे म्हणाला, "पन रूपं मातीत पडलं त्याचं काय? देवीला सांगनं घालायला हवं. काशा, सहाणेवर डोकं टेक आणि बोल की पालखी टाकून पळालो, चूक झाली, पदरात घे. मग खांदा लाव."

म्हणजे सव्वीस मैल पळून शेवटी तेच! खांदा हवा असेल तर बोल की पळालो. मी सहाणेपुढे उभा. सगळा गाव बघतोय. मला खांदा हवा होता दादा, फार हवा होता. तुझं नाव घेतलं तर घराची अब्रू जाते. नाही घेतलं तर देवीपुढे खोटं बोलायचं. मी गुडघे टेकले. डोकं खाली न्यायला लागलो.

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. बायका गावकीत बोलत नाहीत, तुला माहीत आहे. ती चिमाला कडेवर घेऊन पुढे आली, पदर डोक्यावर, बघणं जमिनीकडे. म्हणाली, "भावोजी, उठा. मला इचारा काय झालं ते. मी शुद्धीवर न्हवते म्हनतात. बेशुद्ध मागनं झाले. ही पोर झाली तेवा मी जागी होते. सुईनीनं हिला माज्या कुशीत ठेवलीन, आणि नदीकडं ढोल वाजत होता. नाचाचा ढोल, पालखी बसल्याचा न्हाय. दर ठोक्याला ही दचकत होती. मी हिचे कान झाकले होते, ह्या हातांनी. पालखी बसायच्या आधीच आमच्या घरात सोयर होतं. भावोजींनी दांडा सोडला, त्यांचं बरोबर होतं. ज्यांनी धरून ठेवला, त्यांना इचारा."

मग तुळसाकाकू उठली. म्हणाली, "मी सांगायला गेले होते. दोघांनाबी सांगितलं." मग बाबल्या. "दांडा माज्या खांद्यावर दिलान होता. मीच सांडला. मी प्यालो होतो." दोन वर्षं एकाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि आता रांग लागली!

लवू गावकाराने काठी खाली ठेवली. मग माझ्या दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "काशा, म्हैस आजारानंच मेली होती." त्याच्या तोंडून माफी अशीच येणार.

तुझ्याबद्दल असं ठरलं. पुढल्या शिमग्याला तू स्वतः येऊन सहाणेवर नारळ ठेवायचा आणि झालेलं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाहीतर पुढचा दांडा आपल्या घरातून गेला. लवू गावकार मला म्हणाला, तोवर तूच पुढचा धर. मी नाही म्हणालो. ती तुझी जागा आहे. ह्या वर्षी पुढे बाबल्याला लावला, न पिता. बेताल नाचतो, दर गिरकीला मागे माझ्या खांद्याला हिसका. मागचा दांडा माझ्या खांद्यावर होता. सहाणेवर बसेपर्यंत सोडला नाही.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. गेलेला नाही. सकाळी सड्यावर धावायला जातो, अजूनही, आणि मांडवीपासून पुन्हा सुरुवात करतो. नवीन शिव्या तयार झाल्यात. पण हातखंब्याच्या पुढे काय म्हणत होतो, तेही आठवतं. तू दिवसभर उन्हात उभा होतास, तेही आठवतं. तुला धाडस झालं नाही. मला तरी कुठे झालं? वहिनीला झालं.

चिमा आता मला नुसतं काका म्हणते. गावाने ते नाव सोडलं. काल तिने विचारलं, बा कुठे आहे? बाबल्या पटकन म्हणाला, पळालाय. वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की विडी हातातच राहिली. पण पोरीच्या डोक्यात बसायचं ते बसलं. आज सकाळपासून उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत ओरडते आहे, तुला ओरडते आहे. तिला वाटतं पळालेला माणूस अजून वाटेत असतो, आणि ओरडलं की लवकर येतो. मला ओरडली होती तेव्हा मी पोचलो होतो ना.

तिचाच निरोप लिहून पाठवतो. दुसरं काही सांगायचं नाही.

पळ, दादा. पळ. पण तोंड गावाकडे करून पळ.

मागच्या दांड्याचा,
काशीराम